जिल्ह्यातले सगळे घटस्फोटित

हिंगोलीत माझं कॉम्प्युटरचं छोटं सेंटर होतं. सकाळी टायपिंग, दुपारी इंटरनेट. वरच्या खोलीत एक निवृत्त कारकून काका वधू-वर मंडळ चालवायचे. एके दिवशी ते जिना उतरून खाली आले. म्हणाले, "पोरी, पुण्याची मंडळं इंटरनेटवर गेली. आपलंबी टाक."

मी आयुष्यात वेबसाइट केली नव्हती. पण हे काकांना कशाला सांगायचं? एक जाडजूड पुस्तक आणलं आणि बसले. काकांच्या मागण्या ठरलेल्या होत्या : गोल फिरणारा गणपती, लुकलुकणाऱ्या समया आणि पान उघडलं की सनई. मी तिन्ही पुरवल्या. सनई पहिल्यांदा वाजली तेव्हा टायपिंगची सगळी पोरं उठून दारात वरात बघायला गेली.

मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन दिसायची, म्हणून फॉर्म इंग्रजीत केला. लग्नाची माहिती विचारणाऱ्या रकान्यात पर्याय एबीसीडीप्रमाणे लावले. पुस्तकात तसंच होतं. त्यामुळे फॉर्म उघडला की तिथं आधीच 'डिव्होर्स्ड' लिहून यायचं. पोरं यायची, नाव, उंची, शिक्षण भरायची आणि आयता भरलेला रकाना तसाच सोडायची. शिवाय बटण दाबल्यावर काहीच निरोप येत नसे, म्हणून दाबतच राहायची. सेनगावच्या एकाच पोराची यादीत सात स्थळं झाली. मी शेजारच्या टेबलावर बसून स्वतःच्या हुशारीवर खूश.

एका रविवारी डोंगरकड्याहून एक शिक्षिका आल्या. वय तिशीच्या आत. त्यांनी आपला फॉर्म भरला आणि घटस्फोटितांची यादी काढायला सांगितली. मी काढली. त्या खाली खाली बघत गेल्या आणि हलकेच म्हणाल्या, "इतके? आपल्या जिल्ह्यात? मला वाटायचं मी एकटीच."

मलाही आश्चर्य वाटलं. पण गिऱ्हाइकाच्या आनंदात मिठाचा खडा कशाला टाका! कनेरगाव नाक्यावर धाबा चालवणाऱ्या एकाचा नंबर लिहून घेऊन त्या गेल्या.

चार-पाच दिवसांनी त्या धाबेवाल्याचे वडील दारात उभे. मागे तो स्वतः, मान खाली घालून.

"माझ्या पोराचं लगीनच झालं न्हाई, तर तलाक कधी झाला? पोरीकडचे इचारून राहिले, पहिली बायको कुठं असती म्हणून!"

मी फॉर्म उघडला आणि त्या आयत्या 'डिव्होर्स्ड'वर नजर गेली. हात जोडले, आत्ता दुरुस्त करते म्हणाले. वडील तणतणत वर काकांकडे गेले. पोरगा मागं राहिला.

"मॅडम, माझं तेवढं आठ दिवस राहू द्या."

"काहून?"

"डोंगरकड्याच्या एका बाईंचा फोन येऊन राहिला. बोलणं लई छान हाये त्यांचं. त्यांना वाटतं, मी बी त्यांच्यासारखाच."

"मग खरं सांगून टाका की."

"सांगतो. समोर बसून सांगतो."

बाकी सगळ्या पोरांना मी त्याच संध्याकाळी पुन्हा अविवाहित केलं. त्याला एकट्याला ठेवलं घटस्फोटित. चुकीचं होतं, पण मजा येत होती.

पुढच्या रविवारी दोघं काकांच्या खोलीत भेटली. दहा मिनिटांत बाई ताडताड जिना उतरून माझ्यासमोर.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी सगळं कबूल केलं. फॉर्ममधला तो रकानाही दाखवला. त्यांनी स्वतः माउस धरून बघितलं. मग एकदम हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे जिल्ह्यात मी एकटीच व्हय?"

"यादीत तरी," मी म्हणाले.

"इथं आधी 'निवडा' असं येऊ द्या. कोणाचं नशीब आधीच भरून ठेवू नका," असं शाळेतल्या सुरात बजावून त्या पुन्हा वर गेल्या. तो चहा थंड करत तिथंच बसला होता.

"गेले न्हाई तुमी?" बाईंनी विचारलं.

"तुमी पर्स इथंच ठेवली व्हती," तो म्हणाला. "राखत बसलो."

दोघांचं तिथंच ठरलं. वडिलांचं चार महिने ठरेना. घटस्फोटित सून त्यांना नको होती. शेवटी बाई एकट्याच जीपनं नाक्यावर गेल्या, धाब्यावर पोटभर जेवल्या आणि म्हाताऱ्यासमोर बसून म्हणाल्या, "मामा, त्या अख्ख्या यादीत खरं लिहिलेलं एकटीचं होतं. माझं."

म्हाताऱ्यानं त्यांचं रिकामं ताट बघितलं. मग आत ओरडला, "अरे, सुनबाईला ताक आणा!"

लग्नाला मी गेले. काका प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, सगळं इंटरनेटमुळं जमलं. मी मान डोलावत जिलेबी खात राहिले. सेंटरवर मात्र तेव्हापासून कोणी फॉर्म भरायला बसलं की मी खुर्ची ओढून त्याच्या पाठीमागे बसते आणि त्याचा हात कुठं अडतो ते बघते.