कुलूपवाल्याची धुरातली कोंबडी

माझा धाकटा भाऊ कुलूपवाला आहे. बंद वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात. मात्र ती फोडायची नाही, कापायची नाही, हलक्या हाताने उघडायची, हा त्याचा बाणा.

त्याने घरी बार्बेक्यूची शेगडी आणली आणि सासऱ्यांना धुरावर शिजवलेली कोंबडी खायला बोलावलं. जावयाला साधं पाणीसुद्धा उकळता येत नाही, असं सासरे चारचौघांत सांगत. त्यामुळे प्रश्न अब्रूचा होता. कृती सोपी होती. मंद निखारे, त्यांवर लाकडाचे तुकडे, कडेला कोंबडी आणि वर घट्ट झाकण. धूर आत कोंडला, तरच ती शिजणार. हा मात्र सारखा झाकण उचलून बघे आणि सगळा धूर स्वतःच्या तोंडावर घेई.

"कोंबडी कच्चीच आहे, तुम्ही मात्र छान खरपूस झालात," बायको म्हणाली.

शेवटी त्याने स्वतःच झाकणाला कुलूप लावून किल्ली तिला दिली. थोड्याच वेळात तिच्याच केसांतल्या पिनेने ते उघडलंही.

तिने कपाळावर हात मारला आणि ओल्या सुतळीने, गाठीवर गाठ मारत झाकण करकचून बांधलं. "आता उघडा!"

कात्री लावणं बाण्यात बसेना. तो घाम पुसत गाठींशी झटत बसला. शेवटची सुटली तेव्हा सासरे ताट घेऊन मागे उभे होते आणि कोंबडी लोण्यासारखी मऊ झाली होती.

सासऱ्यांनी दोन्ही तंगड्या चाटूनपुसून संपवल्या. "जावईबापू, मानलं तुम्हाला! पण पुढच्या वेळीही झाकण हिलाच बांधायला सांगा."