गळ्याला लावलेली पावडर

काल शेजारच्या बाळाला अंघोळीनंतर पावडर लावताना त्या वासानं मला आखातातल्या दुखान गावच्या घरातली एक दुपार आठवली. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं आणि तुमचा बाबा एसी पूर्ण जोरात लावून नवा ड्रायसूट, म्हणजे गार पाण्यात बुडी मारताना अंग कोरडं ठेवणारा पोशाख, घालून बघत होता. उन्हाळ्यात तिथला समुद्र चहासारखा कोमट झाला, की तो मित्रांबरोबर एखाद्या थंड देशात डायव्हिंगला जाई. त्या वर्षी नॉर्वे ठरलं होतं. सूटची रबरी कॉलर इतकी घट्ट होती, की त्यातून डोकं जाईना. "आई, गळ्याला पावडर लाव ना, म्हणजे सरकेल," तो म्हणाला. तो तान्हा असताना लावायचे, तशीच मी बोटांनी मानेभोवती पावडर लावली आणि गुदगुल्या होऊन तो हसत सुटला. शेवटी लालबुंद चेहरा कॉलरमधून बाहेर आला, तेव्हा तुम्ही दोघं ओरडलात, "आजी, ही लुक्स लाइक अ पेंग्विन!" "हसा, हसा! पेंग्विनला थंडी वाजत नाही," तो म्हणाला. मी विचारलं, "आणि पाणी आत शिरलं तर?" "एक थेंबसुद्धा शिरणार नाही, आई." नॉर्वेच्या समुद्रात, पाण्याखालीच त्याचं हृदय बंद पडलं. त्याला वर आणणाऱ्या मित्रानं मला नंतर सांगितलं, की सूट आतून अगदी कोरडा होता आणि त्या दिवशी त्यानं गळ्याला लावलेली पावडर तशीच होती. आता तुम्हीही आईबरोबर थंड देशात राहता. फोनवर मी रोज विचारते, "गळ्याला मफलर गुंडाळलास ना?" तेव्हा कंटाळू नका, बाळांनो. हो म्हणा.