आईच्या बरणीशी जुळणारा मसाला

हैदराबादेत आमच्या विद्यानगरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हर्षवर्धन राहतो. मूळचा पुण्याचा. बारा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतला आणि गेल्या गुढीपाडव्याला नोकरी सोडून गोड्या मसाल्याचा धंदा काढला. दुसऱ्यांच्या चुका संपल्या, तेव्हा गडी स्वतःच्या शोधू लागला.

पहिली ऑर्डर माझी, अर्धा किलोची. मी कुसुमताई, खालच्या मजल्यावरची निवृत्त शिक्षिका. वाट बघणं मला जमत नाही. महिन्याने त्याला जिन्यात गाठलं, तर म्हणाला, "ताई, अजून जुळत नाहीये."

जुळवायचं होतं आईच्या मसाल्याशी. तिने पुण्याहून काचेची बरणी भरून दिली होती. घाणा भाजून कुटून झाला की हा बरणीचं झाकण उघडणार, डोळे मिटून वास घेणार, मग आपल्या मसाल्याचा घेणार आणि मान हलवणार. पहिल्या घाण्यात लवंग पुढे आली. तिसऱ्यात दगडफूल उग्र झालं. दिवसातून वीसदा बरणी उघडायची आणि नापास डबा पलंगाखाली सारायचा. वास मला फुकट मिळत होता, मसाला मात्र नाही!

भाजायला पद्मावती यायची. तिचे आजे-पणजे नांदेडकडचे शेतकरी, पण तिचा जन्म इथलाच. "साहेब, चांगला झालाय की," ती म्हणायची.

"चांगला नको. तस्साच हवा."

आबिड्सच्या बाजारातून त्याने 'तडजोड नाही' असा बोर्ड छापून आणला. तो किंचित वाकडा दिसतो म्हणून तीनदा काढून लावला. भिंतीची चाळण झाली. नाक बिघडतं म्हणून कांदा सोडला, मग चहा. हैदराबादेत राहून इराणी चहा सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. झोप तर आपणहून सोडून गेली होती.

तशात आमच्या मंडळाने गणपतीच्या महाप्रसादाचा मसाला त्याच्याकडे सांगितला. चारशे पानांची आमटी! बायकोला, सुलभाला, त्याने शब्द दिला होता की गणपतीपर्यंत धंदा उभा राहिला नाही तर परत नोकरी. म्हणजे आता सगळं या एका आमटीवर आलं.

महाप्रसादाच्या दोन दिवस आधी सुलभाने मला वर बोलावलं. मी अर्ध्या किलोसाठी भांडायच्या तयारीनेच गेले. हर्षवर्धन स्वयंपाकघरात फरशीवर बसला होता. दाढी वाढलेली.

"ऑर्डर रद्द करा," तो म्हणाला. "बारावा घाणाही उग्रच झालाय. मला आता उठवत नाही."

माझं भांडण मी गुंडाळून ठेवलं. पेपर कधीच लिहून झालाय, पण देववत नाही म्हणून रडणारी पोरं मी वर्गात पाहिली आहेत. मला फार वाईट वाटलं.

पद्मावतीने ओट्यावरची बरणी उचलली, झाकण काढलं आणि नाक आत घातलं.

"अगे माय! साहेब, यात वासच नाही की! उघडून उघडून उडून गेला. नुसता भुसा राहिलाय. याच्याशी जुळवायलात होय पाच महिने?"

मग तिने पलंगाखालून एक नापास डबा ओढून उघडला. घरभर घमघमाट सुटला.

मला वाटलं, आता हा हसेल. हसला नाही. त्याने बरणी हुंगली, डबा हुंगला, आणि त्याच पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. डॉक्टर म्हणाले, माणूस पार थकलाय, महिनाभर कामाचं नावही काढू नका.

पलंगाखालचा नापास मसाला सुलभा आणि पद्मावती या दोघींनीच पोचवला. महाप्रसादात लोक भात संपल्यावर वाटीने आमटी प्यायले. बावीस घरांनी मसाला सांगितला. धंदा उभा राहिला आणि धंदेवाला आडवा.

मग महिनाभर तो स्वयंपाकघराकडे फिरकला नाही. दसऱ्याच्या सुमारास एकदाचा माझा अर्धा किलो माझ्या हाती पडला. मी आमटी केली आणि पातेलं घेऊन वर गेले. वाटी त्याने घेतली. दुसऱ्या घोटाला थांबला.

"ताई, आईने नवा मसाला पाठवला का? अगदी तिच्या हातची चव आहे."

"तुझाच आहे. तिसरा घाणा. दगडफूल उग्र म्हणून नापास केलेला."

त्याने उरलेली आमटी एका घोटात संपवली.

"म्हणजे हा पलंगाखाली होता आणि रात्र रात्र मी याच्यावरच तळमळत पडायचो?"

त्याने वाटी पुढे केली, आणि मी ती काठोकाठ भरली.