खंबाटकीत दम सोडणारी जीप

पुण्याला जाताना बोगदा लागतो आणि घरी परतताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो. त्यामुळं जाताना आम्हा नवरा-बायकोचं बरं चालायचं. भांडण व्हायचं ते परतताना.

आम्ही सांगलीजवळच्या एका गावात राहतो. घरचा ऊस आहे, थोडी हळद आहे. मी शाळेत शिकवायचे, आता घरीच असते. यजमान फौजेत ट्रक चालवायचे. निवृत्त होऊन आले आणि सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी जुनी जीप घेतली. फोर बाय फोर, साधं डिझेल इंजिन, टर्बो वगैरे काही नाही. काही वर्षं त्यांनी ती डोंगरदऱ्यांतून मनसोक्त फिरवली. मग दोन्ही गुडघे गेले. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, मला शिकवा. गावातल्या आटलेल्या तळ्यात त्यांनी मला शिकवलं. पन्नाशी ओलांडल्यावर मी परवाना काढला.

मुलगी पुण्यात असते. नात झाली तशा आमच्या फेऱ्या वाढल्या, आणि खंबाटकीही वाढली.

सपाट रस्त्यावर जीप ठीक चालायची. घाट सुरू झाला की चौथ्या गिअरमधून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, आणि दुसऱ्यातही ती धापा टाकत चढायची. मागं गाड्यांची रांग, हॉर्न. एकदा कांद्याच्या गोण्यांनी भरलेला ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या ड्रायव्हरनं खाली वाकून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

"अगं, दाब की," हे शेजारून म्हणायचे.

"दाबलंय."

"मग गिअर चुकीच्या वक्ताला टाकतीस. माझ्या हातात ही तिसऱ्यात चढायची."

त्यांच्या हातात ती तिसऱ्यात चढायची, हे मी शेजारी बसून पाहिलेलं होतं. गाडी तीच, घाट तोच, बदललेला माणूस एकच. म्हणजे खोट माझ्यात. पण चुकतंय काय, ते कळत नव्हतं. दुपारी घरात कुणी नसलं की मी अंगणातल्या बंद जीपमध्ये जाऊन बसायचे आणि क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर अशी नुसती उजळणी करायचे. शेजारीण एकदा विचारून गेली, बाई, कुठं निघालात?

शेवटी मीच म्हटलं, गाडी एकदा दाखवू या. आधी सांगलीत इंजिनाच्या डिझेल पंपाचं काम करणाऱ्याकडं नेली. त्यानं मला विचारलंच नाही, सगळं यांना विचारलं.

"वहिनी चालवत्यात व्हय? मग हाफ क्लचवर पाय ठेवून चालवत असतील."

"मी पाय ठेवत नाही," मी म्हटलं.

"सगळेच आसं म्हणत्यात," तो यांच्याकडं बघून म्हणाला.

तरी त्यानं पंप उतरवला, साफ केला, इंजिनात जाणारं डिझेल वाढवून दिलं. बॉनेट उघडून हातानंच इंजिनाला रेस देऊन दाखवली. आवाज एवढा मोठा आला की मला वाटलं, झालं काम. पुढच्या फेरीला जीप तशीच रडली, फक्त मागं काळा धूर जास्त सोडायला लागली. आता मागचे लोक हॉर्नही वाजवायचे आणि काचाही वर करायचे.

मग मलकापूरचा एक गॅरेजवाला कुणीतरी सुचवला. तो जीपभोवती एक चक्कर मारून खाली वाकला आणि म्हणाला, "टायर कंपनीचे न्हाईत हे."

ते खरं होतं. गाडी चालवणं सुटल्यावर यांनी तिला नटवायला घेतलं होतं. मोठे, जाड खाचांचे टायर त्याच वर्षी आले, आणि पुढचा लोखंडी बंपर, वरचं कॅरियरही.

"टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर जड पडतो," गॅरेजवाला म्हणाला. "सायकलला मोठं चाक लावून चढ चढल्यासारखं. त्यात हे लोखंड. एक तर पहिले टायर घाला, न्हाईतर टर्बो बसवू."

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबायची आणि ताकद वाढवायची, एवढं मला समजलं. एवढ्या जुन्या इंजिनाला ते झेपेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, झेपेल. मग म्हणाला, बहुतेक झेपेल. मी यांच्याकडं पाहिलं. टायरांवरून हे वाद घालतील असं मला वाटलं होतं, कारण ते टायर त्यांचे लाडके होते. पण ते गप्प होते. एकदम गप्प. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाले, "आता पुण्याला एसटीनंच जाऊ या."

मला काहीच उमगेना. दोन वर्षं दर घाटात मला बोल लावणारा माणूस गाडी सोडून एसटीत बसायला निघाला. मला वाटलं, माझ्या चालवण्याला कंटाळले. त्या रात्री मी जेवले नाही, आणि का जेवले नाही तेही त्यांना सांगितलं नाही.

एसटीचं जमलं नाही. नातीसाठी डबे, पिशव्या, गूळ, एवढं ओझं घेऊन चढउतार त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. पुन्हा जीपच निघाली. परतताना खंबाटकीत क्लच जळाल्याचा वास यायला लागला. कशीबशी वर आणली, आणि साताऱ्याच्या अलीकडं हायवेला लागूनच एक गॅरेज दिसलं तिथं थांबवली.

तिथला मिस्त्री आमच्याच वयाचा होता. त्यालाही लगेच काही सांगता येईना. आधी म्हणाला, इंजेक्टर असतील. मग म्हणाला, एअर फिल्टर. फिल्टर काढून उन्हात धरला, तो स्वच्छ होता. डोकं खाजवत त्यानं मला गाडीत बसायला सांगितलं आणि आपण बॉनेटखाली वाकला.

"वहिनी, ॲक्सिलरेटर दाबा. पूर्ण."

"दाबलाय."

"पूर्ण दाबा की."

"पूर्णच आहे. खाली टेकलाय."

"हिकडं पंपाचा दांडा तर अर्ध्यातच थांबतोय," तो म्हणाला. "भाऊ, तुमी दाबून बघा."

हे बाकड्यावर बसले होते. उठले नाहीत. "गुडघा दुखतोय," म्हणाले.

मग मिस्त्री स्वतःच आला, माझ्या पायाशी वाकला आणि पेडल हातानं दाबून पाहिलं. खालची मॅट वर केली. पेडलच्या बरोबर खाली पत्र्यातून एक बोल्ट वर आलेला होता, त्यावर रबराची टोपी. पेडल येऊन त्या टोपीवर बसत होतं. मी दोन वर्षं ज्याला तळ समजत होते तो तळ नव्हताच.

"हे कुणी बसवलं?" मिस्त्रीनं विचारलं.

मी यांच्याकडं पाहिलं. ते हायवेकडं बघत होते.

"मी," ते म्हणाले. "ही शिकत हुती तवा."

मिस्त्रीनं आम्हा दोघांकडं पाहिलं आणि नजर पुन्हा इंजिनाकडं नेली. मिस्त्री असला तरी संसारी माणूस. "काढतो," म्हणाला. "पण एवढ्यानंच सगळं सुटंल आसं न्हाई. क्लच प्लेट गेलीया. टायर बी लय मोठं हायत. आणि पंपात कुणीतरी डिझेल जास्त सोडलंय."

क्लच होईपर्यंत आम्ही त्याच बाकड्यावर दोन टोकांना बसून राहिलो. मला राग आला होता का? आला असावा. पण त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि हसूही येत होतं. यातलं कुठलं आधी बाहेर काढावं ते ठरेना.

दुसऱ्या दिवशी ते हळदीला पाणी सोडत होते तिथं मी गेले.

"आवं, मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"घाबरली असतीस. फौजेत नवीन पोरांच्या गाड्यांना आमी वेग बांधून द्यायचो. तसंच केलं. पंधरा दिवसांत काढणार हुतो."

"मग?"

"विसरलो. देवाशप्पथ विसरलो."

"आणि आठवलं कधी?"

त्यांनी फावड्यानं पाटाची माती ओढली, पाणी दुसऱ्या सरीत वळलं. "मलकापुरात. तो टायरवरनं बोलत हुता तवा."

"तिथं बोलायचं."

"काय बोलू? दोन वर्सं तुला म्हटलं, तुला चालवता येत न्हाई. आता कसं सांगायचं?"

माझ्याकडं बोलायला पुष्कळ होतं. रात्री अंथरुणावर मी ते सगळं जुळवून ठेवलं होतं. पण पाण्यात उघडे पाय रोवून, सुजलेल्या गुडघ्यांनी उभा असलेला हा माणूस मला नीट ओळखू येईना. इतकी वर्षं मला वाटायचं, याला फक्त हुकूम देता येतात. लाज वाटून महिनाभर गप्प बसणारा माणूस मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. मी परत घरी आले आणि भाकऱ्या थापायला बसले.

त्या आठवड्यात सांगलीत जाऊन त्यांनी स्वतःच मोठे टायर उतरवले आणि मूळ मापाचे बसवले. कॅरियर काढलं. पंपवाल्यानं डिझेल पुन्हा पहिल्यासारखं केलं. बंपर मात्र ठेवला. तेवढा राहू दे, म्हणाले.

पुढच्या फेरीला खंबाटकी आली. पहिल्या वळणाला मी सवयीनं दुसऱ्या गिअरकडं हात नेला. "राहू दे," हे हळूच म्हणाले. मी पाय दाबला. पेडल खाली गेलं, अजून खाली गेलं. माझा पाय पूर्वी कधी गेला नव्हता इतका लांब गेला आणि मला क्षणभर भीतीच वाटली. जीप तिसऱ्यातच चढत राहिली. उडत नव्हती, नवीन गाड्या आम्हाला ओलांडत होत्याच, पण ती रडत नव्हती. एका अवघड वळणावर दुसरा टाकावा लागला, तेवढाच.

नेमकं कशानं झालं ते मला अजून सांगता येत नाही. सगळं एकामागोमाग बदललं. यांचं म्हणणं, टायर. साताऱ्याच्या मिस्त्रीला परतताना गाडी दाखवली तर तो म्हणाला, क्लच. सांगलीचा पंपवाला अजून आपल्या पंपाचंच नाव घेतो. बोल्टचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही.

मुलीनं फोनवर विचारलं, "आई, आता चढते ना गाडी? काय खराब झालं होतं?"

हे समोरच बसून नातीचा फोटो बघत होते. मी म्हटलं, "बरंच काही होतं गं. जुनी गाडी आहे."