फुल लोडची हवा

"गाडी इकायची हाय. गिऱ्हाईक बघून द्या." बापूंनी चावी माझ्या टेबलावर ठेवली.

बीडच्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायजर आहे. म्हणजे गाडीवाल्याचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि ते मेकॅनिकला त्याच्या भाषेत सांगायचं. गाड्या विकणं माझं काम नाही. पण ही छोटी गाडी पुण्याच्या मुलाने बापूंना नवीकोरी घेऊन दिली होती आणि बापू तिला रोज पुसायचे. म्हणून विचारलं, "झालं काय?"

"ही बसत न्हाई तिच्यात." त्यांनी बाकावर बसलेल्या काकूंकडे हात केला.

"कशी बसू?" काकू कडाडल्या. "मणक्याचं ऑपरेशन झालंय माझं. गाडी हाय का उखळ? मला चकलांब्याला भावाकडं जायचंय. मी यष्टीनं जाते, तुमी या तुमच्या गाडीत."

बापूंचा चेहरा उतरला. मला ते बघवलं नाही. हा माणूस म्हणजे एकेकाळी केज-बीड रस्त्यावरची काळीपिवळी जीप. मी तिच्यातूनच कॉलेजला जायचो. गाडी गच्च भरली तरी बापू ओरडायचे, "सरका, अजून एक माणूस मावतंय!" आणि ते माणूस खरंच मावायचं. एकदा माझा पेपर होता आणि मला उशीर झाला. आतले पॅसेंजर शिव्या घालत होते, पण मी येईपर्यंत बापूंनी जीप हलवली नाही. त्या जीपमधला डिझेलचा आणि मेथीच्या जुड्यांचा वास मला अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटतं. ज्याने गावंच्या गावं घरी पोचवली, त्याला आता स्वतःच्या बायकोला माहेरी नेता येत नव्हतं.

मी गाडी चालवून पाहिली. काकूंचं काही चुकत नव्हतं. खड्डे सोडा, रस्त्यावरची खडीसुद्धा पाठीला कळत होती.

मॅनेजर म्हणाला, "शॉकअप गेले असतील. बदलून टाक."

शॉकअप म्हणजे चाकांना बसणारे धक्के पिऊन टाकणारे दांडे.

"साहेब, गाडी नवी आहे."

"मग सीटवर गादी टाकायला सांग."

मॅनेजरच्या उपायांवर मी सहसा बोलत नाही. गाडी लिफ्टवर घेतली. शॉकअप ठणठणीत होते, तेलाचा थेंबसुद्धा गळत नव्हता. मग टायर पाहिले. मधला पट्टा झिजलेला आणि दोन्ही कडा नव्यासारख्या. टायर प्रमाणाबाहेर फुगला की तो मधल्या पट्ट्यावरच चालतो. गेज लावला. चारही चाकांत पन्नास पीएसआय. पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप.

"बापू, हवा कोण भरतं?"

"म्या सोता उभा ऱ्हाऊन भरून घेतो. पन्नास. कमी हवेवर टायर तापतंय अन् फुटतंय. जीपला कधी दगा झाला न्हाई."

"जीपमध्ये माणसं किती असायची?"

"ती काय मोजायची असतेत का?" बापू पहिल्यांदा हसले.

मी ड्रायव्हरचं दार उघडून आतल्या खांबावरचं स्टिकर दाखवलं. गाडी कुठलीही असो, योग्य हवा तिथे लिहिलेली असते. बापूंच्या गाडीला दोन-तीन माणसांसाठी तीस. गाडी पूर्ण भरली तर मागच्या चाकांना छत्तीस. त्याला फुल लोड म्हणतात.

"टायरवर तर पन्नासच्या वर लिवलंय की."

"ती टायरची सोसायची हद्द आहे, बापू. तेवढी भरायची नसते."

बापू चिडले. "तीस? तिसावर म्या तुला केजहून हितं आणलं नसतं, बे!"

"नसतंच आणलं. पण आता गाडीत तुम्ही दोघंच असता."

बापू मागच्या सीटकडे बघत राहिले. शोरूममधून आलेलं प्लास्टिक अजून तिच्यावर तसंच होतं. तिथे कुणी बसलंच नव्हतं. बोललो ते खरं होतं, पण बोलायला नको होतं असं मला वाटलं.

हवा तीसवर आणली. काकूंना बळेच पुढे बसवलं आणि बापू त्यांना एक चक्कर मारून घेऊन आले. मी बाहेरच उभा होतो.

"काकू, पाठ?"

"हाय जाग्यावर," काकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "चकलांब्याला सकाळीच निघू. ऊन लई होतंय."

चावी बापूंच्या हातातच होती. ती त्यांनी खिशात टाकली आणि विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

दिवाळीत बापू एकटेच आले. वर्कशॉप नुकतं उघडत होतं. मागच्या सीटवरचं प्लास्टिक काढलेलं होतं.

"त्यो दुसरा आकडा भर," ते म्हणाले. "फुल लोडचा. पोरगा आलाय, सून, नातू. समदे कपिलधारला दर्शनाला चाललोत."

मी मागच्या चाकांत छत्तीस भरली. बापूंनी जीपवाल्यांच्या सवयीने प्रत्येक टायरवर चपलेचा पाय दाबून बघितला.

वाचकांनी एवढंच लक्षात ठेवावं. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. टायरकडे बघून किंवा सवयीने भरू नये, आज गाडीत कोण बसणार ते बघून भरावी. आणि पाहुणे गेले की ती पुन्हा कमी करायची असते.

हे शेवटचं मी त्या सकाळी बापूंना सांगितलं नाही.