धामणीचा वाटा

मी पनवेलची, आणि चहाच्या बाबतीत अगदी हावरट. लग्न होऊन अलिबागजवळच्या या गावात आले तेव्हा कळलं, की सासरी सगळे कोरा चहा पितात. म्हैस घरचीच, पण दूध सगळं किनाऱ्यावरच्या लॉजांना जायचं. आठ दिवस मी निमूटपणे कोरा चहा प्याले. नवव्या दिवशी सासूबाई दुधाची चरवी स्वयंपाकघरात ठेवून आंघोळीला गेल्या आणि मी पेलाभर दूध काढून माझा चहा उकळला. मग ते रोजचंच झालं.

दूध कमी भरतंय, हे सासूबाईंच्या ध्यानात आलं. मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले. त्यातच एका सकाळी सासऱ्यांना गोठ्यातल्या पेंढ्यात धामण दिसली आणि त्यांनी निकाल लावून टाकला. इथे सगळ्यांची पक्की समजूत, की धामण म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि आचळाला तोंड लावते.

"हीच पिते दूध. आज सोडायचा न्हाय हिला," म्हणत त्यांनी काठी उचलली.

ती धामण मला रोज दिसायची. माझ्याहून लांब, पण बिनविषारी आणि महाभित्री. माणसाची चाहूल लागली की आधी तीच पळायची. माळ्यावर पेंढ्यात घट्ट बांधून ठेवलेले भाताच्या बियाण्याचे मुडे उंदीर फोडायचे. ती आल्यापासून एकाही मुड्याला भोक पडलं नव्हतं.

"बाबा, सापाला दूध ओढता येत नाही," मी म्हटलं. "शाळेत शिकवलंय आम्हाला."

"शाळेत म्हस व्हती काय तुमच्या?" ते म्हणाले आणि गोठ्याकडे निघाले.

मी धावत जाऊन दारात आडवी उभी राहिले. "दूध मी पिते, बाबा. रोज पेलाभर. चहात."

माझे कान लालबुंद झाले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात की काय, तर त्या हसत होत्या. बाबांनी मात्र काठी भिंतीला टेकवली आणि शेतावर निघून गेले. तो अख्खा दिवस मला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चरवीशेजारी दुधाने भरलेला तांब्या झाकून ठेवलेला दिसला.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"धामणीचा वाटा," ओटीवरून बाबांचा आवाज आला. "पन येकटीनं पिऊ नको. आमालाबी दे घोटभर."

तीन कप चहा घेऊन मी बाहेर गेले. तेवढ्यात अंगणातून धामण सरसरत आली आणि गोठ्यात शिरली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि बशीतल्या चहावर फुंकर घालत बसले.