वाघोलीतलं खारं पाणी

आई गेल्यावर मी बाबांना नारायण पेठेतून वाघोलीला माझ्याकडे आणलं. बाबा आले म्हणजे त्यांची बॅग आली आणि कपडे आले. माणूस मागेच राहिला होता. सकाळी उठायचे, दाढी करायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून समोरच्या अर्धवट इमारतीकडे बघत राहायचे. जेवायला हाक मारली की येत, दोन घास खात आणि "पुरे" म्हणत. आयुष्यभर कचेरीत कारकुनी करताना समोरच्याला एका वाक्यात गार करणारा हा माणूस, पण आता त्यांना साधा टोमणा मारायचीही इच्छा उरली नव्हती. आईपाठोपाठ हेही जाणार, असं मला वाटायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ त्यांच्याकडे होता की भरपूर, तोच तर त्यांना खात होता.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर समुद्राखालचं काहीतरी चाललं होतं. काळ्या पट्ट्यांचा, पाठीवर पिवळी झाक असलेला एक मासा खडकांमधून फिरत होता. बाबा एकदम म्हणाले, "हा तुझ्या आईनं मला दाखवला होता."

लग्नानंतर ते पहिल्यांदा आईच्या माहेरी, कोकणात गेले तेव्हाची ही गोष्ट. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहतं, तिथे दोघं वाकून बसले होते. "मला म्हणाली, सावली पाडू नका हो, लपतात ते." सांगितलं एवढंच. पण आई गेल्यापासून इतकं सलग ते पहिल्यांदाच बोलले होते. मी तिथल्या तिथे ठरवलं, हा मासा घरात आणायचा.

ठरवायला काय जातं! मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, तीही कंत्राटावर. येरवड्यातल्या एका माशांच्या दुकानात चौकशी केली, तर दुकानदार म्हणाला, "ताई, गोड्या पाण्यातले न्या. खाऱ्या पाण्याचा नाद म्हणजे दारात हत्ती बांधणं." हत्ती तर बांधायचा होता, पण शेळीच्या खर्चात. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागानं काचेची एक गळकी टाकी भंगारात काढली होती, ती मी रीतसर अर्ज करून मागून आणली आणि सांध्यांत सिलिकॉन भरून घेतलं. दिवाणखान्यातल्या कडाप्प्याच्या कट्ट्यावर ती बसवली. वर दिव्यांच्या दुकानातली साधी ट्यूबलाइट. कुणीतरी हौस संपली म्हणून दुकानात परत केलेले समुद्रातले सच्छिद्र दगड दुकानदारानं स्वस्तात दिले. फक्त मिठाशी तडजोड चालणार नव्हती. त्याचं वेगळं पाकीट येतं, त्यात समुद्रातले सगळे क्षार असतात. ते पाकीट बघून बाबा म्हणाले, "घरातलं मीठ संपलं होतं का?"

मला इतका आनंद झाला! किती दिवसांनी टोमणा!

वाघोलीत पाणी येतं टँकरनं, आणि ते असं की बादलीवर पांढरा थर धरतो. ते टाकीत घालण्यात अर्थ नव्हता. मग स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी हंड्याहंड्यानं साठवत टाकी भरली. त्यात मीठ विरघळवलं, पंप लावला, दगड ठेवले आणि थांबलो. खाऱ्या टाकीचं हेच असतं. पाणी मुरू द्यावं लागतं. दगडांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढावे लागतात, त्याआधी मासे सोडले तर ते मरतात. कित्येक आठवडे आमच्या घरात उजेडात ठेवलेलं नुसतं पाणी होतं. शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या, टाकीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "काका, मासे कुठेत?"

"आहेत," बाबा म्हणाले. "लाजतात."

तोवर त्यांची खुर्ची गॅलरीतून आत, टाकीसमोर आली होती. शेवटी मासे आले. काळ्या पट्ट्यांचे दोन, अगदी लहान. मग शंखात राहणारे दोन खेकडे, काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगाई आणि लाल पाठीची एक कोळंबी. ती दगडाखालून मिशा हलवत बाहेर यायची. बाबांनी बोट पाण्यात धरलं की ती बोटावर चढून नखं साफ करायची. "तुझ्या आईनंतर माझ्या नखांकडे लक्ष देणारी हीच," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी भात मागून घेतला.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून रोज वर गोडं पाणी घालायचं, काचेवरच्या खुणेपर्यंत. ते काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. मी आवरून बाहेर येईपर्यंत पाणी खुणेला टेकलेलं असायचं. मला वाटलं, जिंकले मी. संध्याकाळी कॉलेजातून आले की ते मला दिवसभराचा वृत्तान्त द्यायचे. कुठला खेकडा कुणावर चढला, कोण कुणाला हुसकावतो. ओहोटीच्या त्या खळग्याबद्दलही ते सांगायला लागले, थोडं थोडं.

मग गोगलगाई मेल्या. एक, दोन, मग सगळ्याच. पाण्याचा खारटपणा मोजला, ठीक होता. कॉलेजातून पट्ट्या आणून पाणी तपासलं, तेही ठीक. पुढच्या आठवड्यात एक खेकडा शंख सोडून उघडाच पडलेला सापडला. दुसराही गेला. शेवटी कोळंबी. सकाळी ती आडवी पडली होती आणि बाबा बोट पाण्यात धरून उभे होते.

"माझ्या हातात काही जगत नाही," ते म्हणाले.

आईच्या दुखण्यात तिचं सगळं त्यांनीच केलं होतं. खाऊ घालणं, औषधं, अंग पुसणं. ते कशाबद्दल बोलत होते ते मला कळलं. त्यांनी खुर्ची उचलली आणि पुन्हा गॅलरीत नेऊन ठेवली. जेवणाला "पुरे" सुरू झालं. पाणी मात्र ते रोज घालत होते, माझ्याकडे न बघता.

मासे अजून होते, पण एकाच्या परांवर पांढरे ठिपके दिसायला लागले. दुकानदारानं औषधाची बाटली दिली. टाकीत घालण्याआधी मी तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं. त्यात तांबं होतं. कोळंबी, खेकडे, गोगलगाई असलेल्या टाकीत घालू नये, त्यांना तांबं मारक आहे, माशांना तितकं नाही. मी बाटली हातात धरून बसून राहिले. नेमके तेच जीव मेले होते, मासे तेवढे उरले होते, आणि औषधाचा थेंबही अजून पडला नव्हता. मग तांबं आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी मी लवकर आवरलं. बाबा स्वयंपाकघरात होते. ओट्यावर आईची तांब्याची कळशी होती, चिंचेनं घासून लख्ख केलेली. आई रोज संध्याकाळी तिच्यात पाणी भरून ठेवायची आणि सकाळी चहाच्या आधी दोघं एकेक पेला ते पाणी प्यायचे. तांब्यातलं पाणी शुद्ध, ही आमच्याकडची पिढ्यांची समजूत. कळशी आमच्याबरोबर वाघोलीला आली होती आणि बाबा ती भरतात हेही मला माहीत होतं. पण ओट्यावर दोन पेले होते. एक त्यांनी उभ्याउभ्या प्यायला. दुसरा हातात घेऊन ते टाकीपाशी आले आणि सावकाश पाण्यात ओतला.

"बाबा, हे कुठलं पाणी?"

"तिच्या वाटणीचं," ते म्हणाले. "भरायचा हात थांबत नाही. भरलं की मोरीत कसं ओतायचं?"

न सांगता भागलं असतं. फिल्टरचं पाणी मी आधीच घालून ठेवलं असतं, टाकीला दुसऱ्या पेल्याची गरजच उरली नसती. पण मग आपल्या हातात काही जगत नाही हेच त्यांनी धरून ठेवलं असतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. आंबटानं घासलेल्या भांड्यातलं तांबं पाण्यात उतरतं, पाणी उडून जातं पण ते टाकीत राहतं आणि साठत जातं. माणसाला त्याचं काही होत नाही, पण त्या जिवांना होतं. "तुमच्या हाताचा दोष नाही, बाबा. तांब्याचा आहे."

"कळशी कोण भरतं?" त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी कळशी रिकामी राहिली. नंतरही. ती ओट्यावर पालथी दिसली की मला कॉलेजला जाववत नसे. मी चूक केली असं वाटायचं. कोळंबीचं मरण परवडलं, पण आता आई या घरातून दुसऱ्यांदा गेली होती. औषधाची बाटली न उघडता मी टाकीतलं पाणी थोडं थोडं काढून नवं घालत राहिले, माशाचे ठिपके हळूहळू कमी झाले.

मग एका सकाळी मी वेणी घालत होते, तेव्हा बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पेला होता.

"घे," ते म्हणाले. "तुला चालतं ना? माणसाला काही होत नाही म्हणालीस."

मी पेला घेतला. गार होता. माझे डोळे भरून आले, पण ते बघत होते म्हणून मी एका दमात पाणी प्यायले. त्यांनी रिकामा पेला परत घेतला आणि तळाशी काही उरलंय का ते उजेडात धरून पाहिलं.

"तीही अशीच घाईत प्यायची," बाबा म्हणाले, आणि चहा टाकायला गेले.